दाखल्याचे मोल

"मी गरीब आहे, एवढं सरकारला कळवायला पन्नास रुपये पडले, सर."

हे वाक्य ज्या मुलीने उच्चारले तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उसन्या घेतलेल्या पैशांचा हिशेब द्यावा, तशा सरळ सुरात ती ते बोलली. 2024 च्या जुलै महिन्यातली गोष्ट. तिचे आईवडील पाथर्डी तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या वस्तीवरचे. दिवाळी झाली की कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखात जाणारे आणि उन्हाळ्यात परतणारे. मुलगी बारावी झाली होती आणि औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश घेणार होती. त्याच महिन्यात सरकारने निर्णय काढला होता, की ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी पडणार नाही. निर्णय चांगला होता. तो ऐकून मला स्वतःला फार बरे वाटले होते. परंतु उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, हे दाखवायला दाखला हवा. दाखला हवा तर आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज भरायला हवा. आणि अर्ज भरायचा तर पैसे हवेत. उसाच्या फडात राबणाऱ्या माणसाचे उत्पन्न आठ लाख नसते, हे त्या वस्तीवरच्या शेरडालादेखील ठाऊक आहे. तथापि शेरडाची सही चालत नाही.

ती आली तेव्हा मी व्हरांड्यात बसलो होतो. तिने दाखवलेली पावती मी नीट वाचली. सेवाशुल्क 20 रुपये, त्यावर 18 टक्के कर म्हणजे 3 रुपये 60 पैसे, आणि अर्जाचे म्हणून 10 रुपये; एकूण 33 रुपये 60 पैसे. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला बेरीज तपासण्याची खोड असते. बेरीज बरोबर होती. मग मला दुसरीच एक गंमत सुचली. पंचवीस पैशांचे आणि त्याखालचे नाणे 2011 च्या जूनअखेर चलनातून गेले. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण बाजारात कोणी घेत नाही, आणि वरच्या दहा पैशांना तर नाणेच नाही. म्हणजे सरकारने ठरवलेली ही रक्कम रोखीने तंतोतंत देणे या देशातल्या कोणत्याही माणसाला शक्य नव्हते! केंद्रातल्या मुलाने पन्नास घेतले होते. पंचेचाळीस घेतले असते, पस्तीस घेतले असते, तरी ते पावतीपेक्षा जास्तच झाले असते. पावतीची रक्कमच जिथे खऱ्या पैशांत मोजता येत नाही, तिथे प्रामाणिकपणाची रेघ नेमकी कोठे ओढावी, हा प्रश्न मी त्या मुलीला विचारला नाही. तिला तेवढा वेळ नव्हता.

परंतु तिचे वाक्य माझ्याजवळ राहिले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी स्वतःशी वाद घालू लागलो, आणि खरे सांगायचे तर पहिल्या फेरीत मी सरकारच्याच बाजूने होतो.

माझी पिढी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेली पिढी आहे. एका दाखल्यासाठी तीन खेपा, हे साधे प्रमाण होते. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या खेपेला कारकून रजेवर, तिसऱ्या खेपेला दोघेही हजर पण शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली कोणाकडे तरी. प्रत्येक खेपेला एस. टी. चे भाडे, दिवसाची बुडालेली मजुरी, आणि शेवटी ज्याला आपण लाजून 'चहापाणी' म्हणतो ते. नगर जिल्हा हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरांचा पसारा, चौदा तालुके. अकोल्याच्या घाटमाथ्यावरून किंवा जामखेडच्या टोकावरून ज्याला नगरला जिल्ह्याच्या कचेरीत यावे लागे, त्याचा दिवस तर जाईच, पुष्कळदा रात्रही कोणाच्या तरी ओसरीवर जाई. या सगळ्याचा हिशेब मांडला तर गावातल्याच बाजारपेठेत, पावती घेऊन, तेहेतीस रुपयांत काम होणे ही क्रांतीच म्हटली पाहिजे. शिवाय केंद्र चालवणारा मुलगा काही परका नाही. त्याने दुकानाचे भाडे भरायचे, संगणक आणि छपाईयंत्र घ्यायचे, वीज गेली तर इन्व्हर्टर लावायचा, तळहाताच्या रेषा पुसल्या गेलेल्या म्हाताऱ्यांचा अंगठा दहा-दहा वेळा यंत्रावर टेकवायचा. आणि हे सगळे कोणत्या पगारावर? त्याचा पगार म्हणजे त्या वीस रुपयांतला वाटाच ना! सरकारने 2010 साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसबरोबर भागीदारीत महाऑनलाइन ही कंपनी काढली, तेव्हापासून या व्यवस्थेची घडी अशीच आहे: जो सेवा घेतो त्याच्याकडून थोडे थोडे घ्यायचे आणि त्यातून संकेतस्थळ, कंपनी, जिल्ह्याची सेतू समिती आणि केंद्रचालक या सर्वांचे भागवायचे. तिजोरीवर भार नाही. वापरणाऱ्याने द्यावे, न वापरणाऱ्याने का द्यावे? ॲडम स्मिथने 1776 साली रस्त्यांच्या आणि पुलांच्या टोलाविषयी हेच म्हटले आहे. गाडी ज्याची, झीज त्याच्यामुळे, पैसे त्याने द्यावेत.

इथपर्यंत मी आलो आणि मला झोप यायला हरकत नव्हती. पण टोलाच्या त्या उपमेपाशीच मन अडखळले.

पूल मला ओलांडायचा असतो. पलीकडे माझे काही काम असते. पारपत्र मी मागतो, कारण मला परदेशी मुलाकडे जायचे आहे. मोटार चालवण्याचा परवाना मी मागतो, कारण मोटार माझी आहे. पण उत्पन्नाचा दाखला त्या मुलीने कशासाठी मागितला? तिला तो स्वतःला नको होता. आपण गरीब आहोत हे तिला पुराव्याशिवाय माहीत होते. तो कागद मागितला होता सरकारच्या एका खात्याने आणि द्यायचा होता सरकारच्याच दुसऱ्या खात्याने. तलाठ्याकडे जमिनीचा उतारा आहे, पुरवठा खात्याकडे शिधापत्रिकेची नोंद आहे. एका टेबलावरचे सत्य दुसऱ्या टेबलावर पोहोचवायचे होते, आणि ते पोहोचवणारा टपालवाला म्हणून या मुलीला नेमले होते. टपालवाल्यानेच टपालखर्च द्यायचा, असा हा व्यवहार. शिवाय वर 18 टक्के कर! गरिबीच्या पुराव्यावर वस्तू-सेवा कर बसतो, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली असेल त्याला ती सुचली नसणार. ती आपोआप झाली असणार. सरकारच्या पुष्कळ गोष्टी अशाच आपोआप होतात, आणि म्हणून त्यांच्याबद्दल कोणावर रागावताही येत नाही.

यावर एक उत्तर आहे आणि ते हलके नाही. दाखला मागितला सरकारने, पण लाभ तर तिचाच ना? हजारो रुपयांची फी माफ होणार असेल, तर तेहेतीस रुपये ही काही किंमत आहे? मी या उत्तरावर बराच विचार केला. रकमेच्या दृष्टीने ते खरे आहे. पण मग ही गोष्ट स्पष्ट म्हणावी, की माफी पूर्ण नाही; तेहेतीस रुपये वजा करून आहे. असे कोणी म्हणत नाही. जाहिरातीत 'शंभर टक्के' असते. आणि दुसरे असे, की लाभ मिळेल या भरवशावर पैसे देणाऱ्या सगळ्यांना लाभ मिळतोच असे नाही. कोणाचा अर्ज त्रुटीत निघतो, कोणाची मुदत टळते, कोणाला प्रवेशच मिळत नाही. त्यांचे पैसे गेलेले असतात. सोडतीच्या तिकिटाची आणि दाखल्याची जात एक होऊ नये, एवढे तरी आपण म्हणू शकू असे मला वाटते.

गंमत अशी, की सरकारला हे कळत नाही असे मुळीच नाही. त्याच जुलै महिन्यात, त्याच केंद्रासमोर, मी दुसरी एक रांग पाहिली होती. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली होती, आणि जिल्ह्यातल्या बायका उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी पहाटेपासून उभ्या होत्या. चार दिवसांत सरकारने अटी सैल केल्या. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, असे काहीही चालेल. आणि अर्ज भरण्याचे पैसे बहिणीकडून घ्यायचे नाहीत. अंगणवाडी सेविका वा केंद्रचालक यांना दर यशस्वी अर्जामागे पन्नास रुपये सरकार देईल. म्हणजे आदल्या आठवड्यापर्यंत जो कागद अपरिहार्य होता, तो एका शासननिर्णयाने अनावश्यक झाला. जो खर्च न्याय्यपणे नागरिकाचा होता, तो एका रात्रीत न्याय्यपणे सरकारचा झाला. निवडणुका जवळ होत्या, असे कोणी म्हणेल. असतील. पण निवडणुकीच्या उजेडात दिसलेली वस्तू खोटी असते असे नाही. शिधापत्रिका पुरेशी आहे, हे तेव्हा दिसले. ती मुलगी आणि तिची आई एकाच रांगेच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. आईला आपले उत्पन्न सिद्ध करायला केशरी कार्ड पुरले. मुलीला तेच उत्पन्न सिद्ध करायला दाखला लागला. घर एक, चूल एक, उत्पन्न एक, आणि त्याचे पुरावे दोन भावांचे!

मात्र येथे माझ्या मनात आणखी एक प्रसंग आला आणि त्याने माझा आवेश थोडा उतरवला. 2023 च्या खरिपापासून काही हंगाम राज्यात एक रुपयात पीकविमा होता. शेतकऱ्याने रुपया द्यायचा. अर्ज भरणाऱ्या केंद्राला दर अर्जाचे चाळीस रुपये विमा कंपनी देणार. कागदावर याहून चोख काय असेल? तरीही ठिकठिकाणी केंद्रांनी शेतकऱ्यांकडून शंभर शंभर रुपये घेतल्याच्या तक्रारी झाल्या. 2025 मध्ये ती एक रुपयाची सोयच बंद झाली. तेव्हा फलकावर 'मोफत' लिहिले म्हणजे गोष्ट मोफत होते, हा भाबडेपणा झाला. केंद्रचालकाला वेळेवर आणि पुरेसे मिळाले नाही तर तो समोरच्या माणसाकडून घेणारच, आणि समोरच्या माणसाला घाई असते. पैसे कोणी द्यावे हा एक प्रश्न. आणि ते ज्याला मिळायचे त्याला पोचतात का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे नीतीने दिलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या गैरव्यवस्थेत वाहून जाते.

या दुसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे जुना इतिहास आहे. याच नगरच्या निजामशाहीत मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी जमीनमहसुलाची घडी बसवली. त्याच्याही आधीपासून गावाचे दप्तर सांभाळणारा कुलकर्णी आणि गावाचा पाटील हे गावाकडूनच आपले हक्क घेत. इनाम जमीन, खळ्यावरचे धान्य, बाजारातली फसकी. नोंद ज्याच्या हाती, त्याचे पोट नोंद करवून घेणाऱ्याच्या हाती, अशी ती रचना. तिच्यात एक गोडवा होता असे जुनी माणसे सांगत. दप्तर ठेवणारा गावातच राही, त्याला गावाची लाज असे. पण ज्याची फसकी भरली नाही त्याच्या नोंदीचे काय होई, हेही तीच माणसे सांगत, जरा आवाज उतरवून. स्वातंत्र्यानंतर आपण हे संपवले. कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलांची वतने 1962 च्या कायद्याने. त्यांच्या जागी पगारी माणसे आली. त्यामागचा विचार असा होता, की जो नोंद ठेवतो त्याने नोंदीवर जगू नये. त्याला सर्वांच्या करातून पगार मिळावा, म्हणजे समोर कोण उभा आहे याकडे पाहण्याचे त्याला कारण राहणार नाही. पगारी माणसानेही हात पुढे केला, ही पुढची कथा. परंतु विचार बरोबर होता. मला जे अस्वस्थ करते ते असे, की संगणक आल्यानंतर आपण तो विचार चर्चाही न करता मागे टाकला आणि दप्तराला पुन्हा हक्कावर बसवले. पावती मिळते हे खरे. फसकीला पावती नव्हती.

सुधारणा करायची म्हणजे शुल्क हवेच, असे मानण्याचेही कारण नाही. निदान नगर जिल्ह्यातल्या माणसाने तरी ते मानू नये. 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनिलकुमार लखिना हे येथे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतल्या भिंती आणि कपाटांच्या आडोशा हलवल्या, कारकुनांची टेबले लोकांना दिसतील अशी मांडली, वर्षानुवर्षे साचलेल्या कागदांचे वर्गीकरण करवले, नको ते नष्ट केले, हवे ते हाताशी ठेवले. पुढे हा 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेला. कारकुनाच्या टेबलावरचे सहा गठ्ठे हा शब्दप्रयोग सरकारी नोकरांच्या तोंडी बसला तो याच बदलाच्या नावाने. त्या काळात मी एका कामासाठी कचेरीत गेलो होतो, तेव्हा माझे काम अर्ध्या दिवसात झाले होते. ते मला आठवते, कारण उरलेल्या अर्ध्या दिवसाचे काय करावे हे न सुचून मी भुईकोट किल्ला पाहून आलो. या सुधारणेसाठी नागरिकाच्या खिशाला वेगळी चाट पडली नव्हती. फायली तिथेच होत्या, माणसे तीच होती. फक्त कोणीतरी त्यांच्याकडे नीट पाहिले. आता हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की असा अधिकारी बदलून गेला की कपाटे हळूहळू पूर्वीच्या जागी येतात. यंत्र बदलून जात नाही. संकेतस्थळाची बाजू घेणारे याच मुद्द्यावर जिंकतात, आणि त्यांनी जिंकावे. मला यंत्र हवे आहे. ते कशावर चालवायचे एवढाच माझा प्रश्न आहे.

कारण जो कशावर जगतो तो त्याचे रक्षण करतो. अमेरिकेत कॅन्सस संस्थानाने 1990 च्या दशकाच्या आरंभी सरकारी माहितीचे जाळे उभारले ते तिजोरीतून जवळजवळ काही न घेता, एका खासगी कंपनीकडून. कंपनीने आपला खर्च व्यवहारशुल्कातून काढायचा. पुढे कित्येक राज्यांनी तीच रीत उचलली. त्या शुल्काचा मोठा भाग कशातून आला? वाहनचालकांच्या नोंदी विमा कंपन्यांना पुरवण्यातून. यात बेकायदा काही नव्हते, आणि सामान्य माणसाची पुष्कळशी कामे त्यामुळे फुकट झाली. पण एक गोष्ट लक्षात येते: नागरिकाचे दार उघडे ठेवण्याचा खर्च नागरिकाची नोंद विकून भागवला गेला. जेरेमी बेंथॅमने 1795 साली न्यायालयीन कामावरच्या करांविरुद्ध एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातला त्याचा मुख्य रोख असा होता, की हा कर नेमका माणूस अडचणीत असतानाच, अडचणीत आहे म्हणूनच, बसतो. आणि ज्याच्याजवळ तो भरायला नाही त्याला न्यायच नाकारतो. दाखल्याचे वीस रुपये म्हणजे न्यायालयाचा मुद्रांक नव्हे, हे मला मान्य आहे. पण बेंथॅमच्या युक्तिवादाला मी माझ्या परीने एक शेपूट जोडतो. ज्या व्यवस्थेचे उत्पन्न दाखल्यांच्या संख्येवर अवलंबून आहे, ती दाखले कमी करण्याची सूचना कधी करील का? शिधापत्रिका पुरेशी आहे, दोन खात्यांनी आपसांत माहिती घ्यावी, हे एका शासननिर्णयात शक्य असलेले काम आहे. ते झाले तर सेवा केंद्रासमोरची रांग आटेल. रांग आटली तर वाटे आटतील. कोणी दुष्ट आहे असे मी म्हणत नाही. गिरणीवाल्याने लोकांना भाकरी सोडण्याचा सल्ला द्यावा, अशी अपेक्षा कोणी करत नाही, इतकेच.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 साली आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे असे त्याने सांगितले. दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. या कायद्याखाली जो आयोग आहे त्याचे ब्रीद आहे, 'आपली सेवा आमचे कर्तव्य'. सेवा, हक्क आणि कर्तव्य हे तीन शब्द इतके जवळ आले की मला शुल्क या चौथ्या शब्दाची जागा सापडत नाही. कर्तव्याचे शुल्क कोणी घेते काय? घेते, असे म्हणावे लागेल. वैद्य घेतो, आणि मी स्वतः शिकवण्याचा पगार घेतला. पण मी तो वर्गातल्या मुलांकडून तासाला तास घेतला असता, तर ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे पाहून मी कसा शिकवला असता, कोण जाणे. या बाबतीत माहितीच्या अधिकाराचा कायदा मला अधिक शहाणा वाटतो. त्या कायद्यासाठी पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे उपोषणाला बसले होते, आणि पुढे 2005 साली केंद्राचा कायदा झाला. त्यात अर्जाचे दहा रुपये आहेत. पण दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते नाहीत, आणि माहिती मुदतीत दिली नाही तर ती पुढे विनामूल्य द्यावी लागते. किमान तिथे शुल्काला शरम ठाऊक आहे.

आमच्या जिल्ह्यात नेवासे आहे. दाखल्याच्या प्रश्नावर विचार करताना मला नेवासे आठवावे याचे कारण कोणाला विचित्र वाटेल. आळंदीची ती चार भावंडे पैठणला गेली ती शुद्धिपत्र आणायला, असे परंपरा सांगते. म्हणजे काय करायला? तुम्ही जे आहात ते आहात, असा कागद आणायला. ज्यांनी त्यांना बहिष्कृत केले होते, त्यांच्याच जातीच्या दुसऱ्या सभेकडून. रेड्याच्या मुखी वेद आला, ही कथा भक्तीने सांगितली जाते, आणि तशी ती सांगावी. पण दाखला मागणाऱ्या माणसावर पुराव्याचे ओझे किती टाकता येते, याची ती कथा आहे, असे मला हल्ली वाटू लागले आहे. माणसांनी स्वतःच्या तोंडाने जे सांगितले ते पुरले नाही, जनावराला बोलावे लागले. मग ती भावंडे पैठणहून नेवाशाला आली, आणि ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो खांब आजही तिथे आहे. त्या खांबापाशी शुद्धिपत्राचा उल्लेख कोणी करत नाही.

आता माझ्याविषयी. दरवर्षी नोव्हेंबरात मला एक दाखला द्यावा लागतो: मी जिवंत असल्याचा. पूर्वी मी त्यासाठी कोशागारात किंवा बँकेत जात असे. आता भ्रमणध्वनीसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकवायचे, आणि दाखला घरबसल्या जातो. मुलाने मला ते शिकवून ठेवले आहे. पैसे पडत नाहीत. निवृत्तिवेतन घेणाऱ्या, पक्क्या घरात राहणाऱ्या, ज्याच्या हाती चांगला फोन आहे अशा माणसाला आपले जिवंत असणे फुकट सिद्ध करता येते. आणि कोयता घेऊन फिरणाऱ्याच्या मुलीला आपले गरीब असणे विकत घ्यावे लागते. हा भेद कोणी ठरवून केला नाही. मी तर इतकी वर्षे तो पाहिलाही नव्हता. व्हरांड्यात बसून तिची पावती तपासताना माझ्या मनात पहिला विचार आला तो बेरजेचा होता, हे मी विसरलेलो नाही.

दाखला तिला आठवडाभरात मिळाला, मुदतीच्या आत. प्रवेश झाला. उसने पन्नास रुपये ती परत द्यायला आली तेव्हा मी घेतले नाहीत, आणि मी घेतले नाहीत हे तिला आवडले नाही, असे मला दिसले. तिने नोट टेबलावरच्या वर्तमानपत्राखाली सारली आणि ती गेली.

उत्पन्नाचा दाखला मार्चअखेरपर्यंतच चालतो. 2025 च्या जूनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या अर्जासाठी ती पुन्हा केंद्रावर जाणार होती. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, सेवाशुल्क विसाचे पन्नास झाले होते. करही त्या प्रमाणात. जाताना ती माझ्याकडे डोकावली. मी विचारले, "बाळ, पैसे आहेत का?"

"आहेत सर," ती म्हणाली. "या खेपेला आईनं फडावरूनच बाजूला ठेवले होते."